उपवास कोणाचा, साखर कोणाची?

(द्वितीय वर्ष, कला)

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग आहे, अशी आमच्या आळीत अजूनही पक्की समजूत आहे. ज्याच्या घरी तूप-साखर, ज्याच्या दाराशी मोटार, जो गादीवर बसून हिशेब लिहितो, त्याला साखर होते. पोती उचलणाऱ्याला, खुरपणाऱ्याला, शिलाई करणाऱ्याला ती होत नाही, असे चांगले शहाणेसुरते लोकही सांगतात. माझ्या आईला चार वर्षांपूर्वी हा रोग निघाला, तेव्हा शेजारच्या एका काकूंनी हसत हसत विचारले होते, "नवरा मार्केट यार्डात पोती उचलतोय, आन् साखर तुला कशी गं झाली?" प्रश्न चेष्टेचा होता. पण त्याचे उत्तर आमच्या घरात कोणालाच देता आले नाही. दहावीच्या पुढे गेलेली घरात मी पहिलीच, त्यामुळे दवाखान्याची फाइल वाचण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या पुस्तकापुरता. तरीही ही फाइल वाचता वाचता माझी काही मते बनली आहेत, आणि ती मांडण्यासाठी विज्ञान शाखेचीच परवानगी लागते असे मला वाटत नाही.

सध्या मोबाइलवर रोज एक तरी संदेश येतो. उपवास करा, चाला, गोळ्या फेकून द्या, एकवीस दिवसांत मधुमेह मुळासकट नाहीसा! दुसऱ्या बाजूला अशीही मंडळी आहेत, की त्यांच्या मते हे सारे थोतांड असून गोळी हाच एक उपाय. मला यातले कोणतेच टोक पटत नाही. व्यायाम आणि अन्नावरचा ताबा ही दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावरची खरीखुरी औषधे आहेत, याबद्दल आता शंका घ्यायला फारशी जागा राहिलेली नाही. पण औषध म्हटले की त्याची मात्रा आली, ते कोणाला चालते आणि कोणाला चालत नाही हे आले, आणि ते घेणाऱ्याला घरात सवड व मुभा आहे का, हेही आले. या शेवटच्या गोष्टीविषयी कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम काकूंच्या प्रश्नाकडे वळू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि जवळजवळ १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढे श्रीमंत या देशात कोठून येणार? याचे एक उत्तर आपल्या पुण्यातच सापडते. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा १९९३ पासून वर्षानुवर्षे अभ्यास केला. आपली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात. पण ही तूट असते ती मुख्यतः स्नायूंची. चरबी त्या मानाने राखलेली असते. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा आकडा एकच, २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. म्हणजे काट्यावर बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असतोच असे नाही. माझी आई कधीच लठ्ठ नव्हती. तरी तिला साखर झाली, यात चेष्टा करण्यासारखे काही नाही.

गंमत अशी, की हा भेद आपल्या जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्यांचे दोन वर्ग केले आहेत, स्थूल व बलवान आणि कृश व दुर्बल. पहिल्याचे शोधन करावे, दुसऱ्याचे पोषण करावे, असे तेथे सांगितले आहे. सुश्रुताने तर निर्धन रोग्याने पायांत वहाणा न घालता, डोक्यावर छत्र न घेता, भिक्षेवर राहून गावोगाव शंभर योजने चालत जावे, असे सांगितले आहे. पण कृश रोग्याला मात्र जपावे, हेही लगेच बजावले आहे. प्राचीन ग्रंथांत सारे विज्ञान होते असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु आजचा मोबाइलवरचा उपदेशक सर्वांना एकाच काठीने हाकतो, तेव्हा तो निदान या बाबतीत चरकाच्याही मागे आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आता उपवासाने नेमके होते काय? इंग्लंडातील न्यूकॅसल येथील प्राध्यापक रॉय टेलर यांनी २०११ साली अकरा मधुमेही रुग्णांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवले. आपले साधे दोन वेळचे जेवण याच्या दुप्पट-तिप्पट असते, यावरून त्या आहाराची कल्पना यावी. त्यांच्या यकृतातील चरबी झपाट्याने उतरली, मग स्वादुपिंडातील उतरली, आणि इन्शुलिन पुन्हा नीट पाझरू लागले. पुढे टेलर आणि ग्लासगोचे प्राध्यापक माइक लीन यांनी ३०६ रुग्णांवर मोठा प्रयोग केला. त्यांतल्या अर्ध्यांना रोज ८२५ ते ८५३ कॅलरींचा आहार तीन ते पाच महिने दिला. पहिल्याच दिवशी त्यांच्या साखरेच्या गोळ्या थांबवल्या. अर्थात वैद्यकीय देखरेखीखाली. वर्षअखेर या गटातील ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांवाचून मधुमेहाच्या रेषेखाली आली. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात तर हे प्रमाण ८६ टक्के होते. हे चमत्कारापेक्षा कमी नाही, असे मी प्रथम वाचले तेव्हा मला वाटले.

मात्र पुढचे वाचणेही आवश्यक आहे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ४६ चे ३६ टक्के झाले, आणि वर्षे गेली तशी संख्या आणखी घटत गेली, कारण वजन परत आले. शिवाय हे सारे सहा वर्षांच्या आतले रुग्ण होते आणि त्यांतले कोणीही इन्शुलिनवर नव्हते. म्हणूनच जगभरच्या तज्ज्ञांनी २०२१ साली या अवस्थेला बरे होणे असे न म्हणता एक वेगळा शब्द ठरवला. मराठीत त्याला 'उपशम' म्हणता येईल. गोळ्या बंद करून किमान तीन महिने झाल्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर उपशम. आग विझलेली नसते, निखाऱ्यावर राख बसलेली असते. 'मुळासकट' हा शब्द वापरणाऱ्याने ही राख फुंकून पाहिलेली नसते.

महाराष्ट्रात दोन वेळा जेवण्याचा विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडला आणि त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो गावोगाव पोहोचवला. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मध्ये काही खाऊ नये आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा तो सुटसुटीत कार्यक्रम. त्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाद झाला. दर दोन तासांनी थोडे थोडे खावे म्हणणारा पक्ष विरुद्ध दोनदाच खावे म्हणणारा पक्ष, अशी जणू सवाल-जबाबाची बारीच रंगली. मला या चळवळीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिने फी मागितली नाही, डबे विकले नाहीत. चहाबरोबरची बिस्किटे, येता-जाता तोंडात टाकलेला फरसाण, पाहुण्याला आग्रह करताना स्वतःही घेतलेला लाडू, हे खाणेच असते हे तिने आमच्यासारख्या घरांतही पोहोचवले.

पण त्यात जादू आहे असे समजू नये. ऑस्ट्रेलियात १३७ मधुमेही व्यक्तींवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्यांनी आठवड्यातून दोन दिवस ५०० ते ६०० कॅलरींचा कडक उपवास केला आणि एरवी नेहमीसारखे खाल्ले. बाकीच्यांनी रोज थोडे थोडे कमी खाल्ले. वर्षाच्या शेवटी दोघांचीही साखर सारख्याच मानाने सुधारली. म्हणजे ज्याला जो मार्ग झेपेल तो त्याने धरावा. उपवास हा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. ज्याला उपाशी राहवत नाही तो पापी नव्हे आणि ज्याला राहवते तो संतही नव्हे.

आता आपल्या घरांतल्या उपवासाकडे येऊ. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगाच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम सुक्या साबुदाण्यात प्रथिन एक ग्रॅमही नसते, चोथा नावालाच असतो आणि सुमारे ३५० कॅलरी असतात. त्यावर बटाटा, वरून तूप. पोटात गेल्यावर त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही. ज्वारीच्या दोन भाकरींत साधारण तेवढेच पिष्ट असले, तरी तिथे चोथा आहे, दहा-बारा ग्रॅम प्रथिन आहे. म्हणजे ज्या दिवशी देवासाठी अन्न वर्ज्य करायचे, त्याच दिवशी मधुमेही बाईच्या रक्तात सर्वांत जास्त साखर चढायची! आणि धर्मशास्त्राचे म्हणाल, तर साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे चौघेही अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेले. आमच्या ऋषिमुनींनी खिचडीचे नावही ऐकले नसणार. तरी 'जिरे चालते, हळद चालत नाही' असा वाद आमच्याकडे दर चतुर्थीला होतो.

हे झाले खाऊन केलेल्या उपवासाविषयी. न खाता केलेला उपवास याहून गंभीर आहे, आणि तो बहुधा बायकाच करतात. वर्षाच्या एकादशा चोवीस, संकष्ट्या बारा, नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, वर निर्जळी हरतालिका. बेरीज पन्नासाच्या पुढे जाते. हे उपवास नवऱ्याच्या आयुष्यासाठी, मुलांच्या परीक्षेसाठी, घराच्या बरकतीसाठी. स्वतःच्या शरीरासाठी त्यांतला एकही नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रातली गोष्ट. आईने नऊ दिवसांचे उपवास धरले होते. सकाळी नाश्त्याआधी घ्यायची तिची गोळी जोडगोळी होती. तिच्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधे. यांतले दुसरे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो वा नसो, ते आपले काम करतेच. पाचव्या माळेला तिने नेमाने गोळी घेतली आणि वर नुसता कोरा चहा. मी कॉलेजात होते, वडील यार्डात. अकराच्या सुमारास मशीनवर बसल्या बसल्या तिचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला, डोळे फिरले आणि ती असंबद्ध बोलू लागली. आळीतल्या बायका धावत आल्या. नवरात्राचे दिवस! कोणीतरी म्हणाले, "देवी आली अंगात." लगेच हळदकुंकू लावले, पायांवर पाणी घातले, एकीने तर आपल्या लेकीच्या लग्नाचा प्रश्नही विचारून घेतला. शेवटी पलीकडच्या शकीलाचाची आल्या. त्यांनी हात लावून पाहिला आणि ओरडल्या, "देवी-बिवी काई नई, साखर उतरली हिची, गुळाचं पानी आना!" दोन पेले गूळपाणी पोटात गेल्यावर पंधरा मिनिटांनी आई माणसांत आली. चाचींना आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते, ते लिहिण्याची माझी तयारी नाही.

शकीलाचाचींना हे कसे कळले? त्यांच्या यजमानांना दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि ते रोजे ठेवतात. रमजानच्या आधी ते डॉक्टरांकडे जातात, डॉक्टर सकाळची मात्रा कमी करून मुख्य मात्रा इफ्तारवर नेतात आणि साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडायचा, असे बजावून सांगतात. २००१ साली तेरा देशांतील मुस्लिम मधुमेही रुग्णांची मोठी पाहणी झाली होती. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग रमजानमध्ये साडेसात पट वाढतात, असे तीत दिसले. त्यानंतर डॉक्टरांनी रोज्यांसाठी सविस्तर नियम तयार केले. कोणी रोजा ठेवावा, कोणी ठेवू नये, कधी तपासावे, कधी सोडावा. चाचींच्या घरी हे नियम पाळले जातात. आईला ज्या दवाखान्यात ती गोळी लिहून दिली, तेथे 'बाई, तुम्ही उपवास करता का?' एवढा एक प्रश्नही कोणी विचारला नव्हता. हिंदू बाई उपवास करते हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नसते? विचारायला अर्धे मिनिट लागते.

त्या प्रसंगानंतर ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी आईची गोळी बदलली आणि उपवासाच्या दिवशी काय करायचे ते वेगळ्या कागदावर लिहून दिले. उपवास बंद करा असे त्या म्हणाल्या नाहीत, याचे मला विशेष वाटले. म्हणाल्या असत्या तर आईने त्यांच्याकडे जाणे बंद केले असते. आता तिच्या उपवासात राजगिरा, ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे आणि बेताची वरई असते. साबुदाणा घरात येत नाही. अर्थात हा तिच्या औषधांपुरता आणि तिच्या डॉक्टरांचा हिशेब. दुसऱ्याने तो उचलू नये. जी मुले लहानपणापासून इन्शुलिनवर आहेत, त्यांनी तर या साऱ्या चर्चेकडे लक्षच देऊ नये. इन्शुलिन सापडण्यापूर्वी अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन अशा मुलांना उपाशी ठेवूनच जगवीत असत. रोगाऐवजी भुकेने कित्येकजण गेले. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्शुलिन टोचले गेले, तेव्हा तो उपाय मागे पडला. उपवासाचे औषध सर्वांना एकाच मापाने दिले की काय होते, ते वैद्यकाने शंभर वर्षांपूर्वीच पाहून ठेवले आहे.

परंतु खरी अडचण सणावारांची नाही, रोजच्या ताटाची आहे. सगळे जेवल्यावर बाई जेवते. आमच्याकडे वडील यार्डातून नऊ-साडेनऊला येतात. मग त्यांचे जेवण, आजीचे, भावाचे, माझे. आणि साडेदहाला आई पातेल्यात उरलेला भात पुसून खाणार, कारण अन्न टाकायचे नाही. खाऊन लगेच पाठ टेकणार. डॉक्टर म्हणतात, रात्री लवकर आणि बेताने जेवा. सल्ला उत्तम आहे. पण तो दिला कोणाला? जिच्या जेवणाची वेळ तिच्या हातात नाही, तिला. साखर तिची आणि घड्याळ दुसऱ्याचे! नवऱ्याच्या आधी जेवायला ती आठ महिने तयार नव्हती. "लोक काय म्हणतील?" म्हणायची, खरे तर स्वयंपाकघरात पाहायला लोक येतात कुठे? शेवटी एके दिवशी वडीलच म्हणाले, "मी काय लहान हाय का? वाढून घीन. तू सातला जेव." सातवी शिकलेला माणूस. पण त्या एका वाक्याने जे साधले, ते साऱ्या संदेशांनी साधले नव्हते. भात आता मोजून टाकतात, म्हणून तो उरत नाही. आईचे वजन ६३ वरून ५७ वर आले, सरासरी साखर ९.१ वरून ७ वर. उपशम झालेला नाही, गोळ्या चालू आहेत, आणि गोळी चालू असणे ही काही नामुष्की नव्हे.

व्यायामाचेही तसेच आहे. स्नायू काम करू लागला की रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतो, आणि हा परिणाम पुढे दिवस-दोन दिवस टिकतो. म्हणून आठवड्यात दीडशे मिनिटे चाला, सलग दोन दिवसांहून अधिक खाडा करू नका, असे सांगतात. रोग होण्यापूर्वीच हे केले तर लाभ अधिकच. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंबरठ्यावरच्या लोकांना आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, तर मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या प्रयोगात आपल्या लोकांत आहार-व्यायामाचा लाभ २८.५ टक्के दिसला. अमेरिकेच्या निम्मा, पण गोळीपेक्षा कमी नव्हे.

कोणी म्हणेल, कष्टकऱ्याला व्यायाम कशाला? आईच म्हणते, "दिवसभर काम करते ते काय झोपून करते का?" तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण सगळे कष्ट सारखे नसतात. शिलाईत मान, डोळे आणि बोटे झिजतात. पाय जागचे हलत नाहीत. पूर्वी पायमशीन होते, निदान पाय तरी चालायचे. पाच वर्षांपूर्वी त्याला मोटर लावली आणि तेव्हापासून पोट सुटले, असे तिचे स्वतःचे निरीक्षण आहे. मला ते पटते. वडील दिवसाला शेकडो पोती वाहतात आणि आई आठ तास बसून ब्लाउज शिवते; थकून दोघेही येतात, पण दोघांच्या थकव्यात फरक आहे.

साडेचार किलोमीटर चालायला सलग पाऊण तास लागतो. पहाटे पाणी भरायचे असते, सकाळी डबे असतात, सायंकाळी गिऱ्हाईक येते. न्यूझीलंडमधल्या एका प्रयोगाविषयी वाचले तेव्हा मला म्हणूनच बरे वाटले. तेथे ४१ मधुमेही व्यक्तींना दिवसातून एकदा अर्धा तास चालण्याऐवजी प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालायला लावले. जेवणानंतरची साखर १२ टक्क्यांनी कमी राहिली; रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. दहा मिनिटे आमच्या आळीतून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायला लागतात. आई सातला जेवते आणि आजीला सोबत घेऊन निघते. पहिल्या आठवड्यात लोकांनी विचारले, "कुठं निघाल्या दोघी?" आता विचारत नाहीत. पायांत मात्र चपला हव्यातच. नवरात्रात अनवाणी राहण्याची, कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला अनवाणी जाण्याची आपल्याकडे रीत आहे. साखरेने ज्याच्या पायाची जाणीव कमी झाली आहे, त्याला खडा रुतलेला कळत नाही, आणि त्या जखमेतून पुढे बोट किंवा पाऊल कापण्याची पाळी येऊ शकते. सुश्रुताचा हा अनवाणी चालण्याचा सल्ला आज तरी सोडून द्यावा.

देवळाच्या पलीकडे मात्र दिवे नाहीत, कुत्री आहेत आणि पारावर बसलेली मंडळीही आहेत. म्हणून बायका तेथूनच मागे फिरतात. आपल्या महाविद्यालयाचे मैदान या रस्त्याला लागूनच आहे. त्याला कुंपण आहे, दोन मोठे दिवे आहेत, धावपट्टी आहे आणि सायंकाळी साडेपाचला त्याच्या फाटकाला कुलूप लागते. क्रीडामहोत्सवाचे आठ-दहा दिवस सोडले, तर तिथे सकाळी मूठभर मुले धावतात. मुली त्याहून कमी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दत्तक गावी जाऊन आरोग्यावर पथनाट्य करतो, साखर तपासतो, घोषणा देतो. मागच्या शिबिरात तपासणीच्या रांगेतल्या एका आजींनी मला विचारले होते, "साखर कळली बाळ, पन चालू कुठं? रानात जायचं तर चिखल, रस्त्यावर ट्रक." मी त्यांना गावातल्या शाळेचे पटांगण सुचवले. तेही संध्याकाळी बंद असते, असे त्या म्हणाल्या.

तेव्हा माननीय प्राचार्य आणि क्रीडाविभागाचे प्राध्यापक यांच्याकडे माझे मागणे आहे. सायंकाळी सात ते साडेआठ मैदानाचे फाटक गावातल्या बायकांसाठी उघडे ठेवावे, दोनपैकी एक दिवा लावावा. विजेचे बिल किती येईल ते अर्थशास्त्राच्या मुलांनी काढून द्यावे. देखरेखीला आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुली आळीपाळीने थांबू. फाटकाजवळ एका डब्यात साखर आणि पिण्याच्या पाण्याची घागर असावी, म्हणजे कोणाची साखर उतरली तर धावाधाव नको. किल्ली शिपाईमामांकडे असते. मी त्यांना विचारले, तर ते म्हणाले, "वरून सांगितलं तर आजपासून उघडतो की."